टॉवेलच्या कारखान्यावर परदेशी खंडणीखोराची नजर कशाला पडेल?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीमध्ये आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. थोडा माल देशात खपतो, बराचसा निर्यातीला जातो. कार्यालयात चार संगणक असून त्यांपैकी एकावर टॅली आहे आणि आमचे अकाउंटंट रात्री घरूनही त्याच संगणकावर काम करतात. गेल्या महिन्यात शेजारच्या कारखान्यात सोमवारी सकाळी एकही फाइल उघडेना आणि पडद्यावर डॉलरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी दिसली. तेव्हापासून त्यांचे काम अजून मार्गी लागलेले नाही. माझे थोरले बंधू म्हणतात की, आपल्यासारख्या छोट्या माणसाकडे हे लोक चुकूनच आले असणार. चांगला अँटिव्हायरस घेतला की झाले. आमचे संगणक दुरुस्त करणारा मुलगा म्हणतो की, वेळ आलीच तर पैसे देऊन मोकळे व्हावे, कारण ते लोक शब्दाचे पक्के असतात. या लोकांना हा धंदा परवडतो तरी कसा, आम्ही नेमके काय करावे, वेळ आलीच तर पैसे द्यावेत का आणि सायबर विमा घ्यावा का, हे कृपया सविस्तर सांगावे.
– एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमचे चारही प्रश्न शेवटी एकाच गोष्टीपाशी येऊन मिळतात, ती म्हणजे हे गुन्हेगार विकतात काय. रॅन्समवेअरवाला, म्हणजे फायली सांकेतिक रूपात बदलून त्यांना कुलूप लावणारा आणि ते उघडण्यासाठी खंडणी मागणारा गुन्हेगार, तुमचे बंद पडलेले काम तुम्हालाच परत विकत असतो. तुमच्या टॉवेलच्या डिझाइनला बाजारात काय भाव येईल, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. कंटेनर बंदरावर लावण्याची तारीख चार दिवसांवर आलेली असताना इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट उघडत नसतील, तर त्या उघडण्यासाठी तुम्ही किती मोजायला तयार व्हाल, एवढाच त्याचा हिशेब असतो. म्हणून आपल्याकडे चोरण्यासारखे आहेच काय, हा तुमच्या बंधूंच्या बोलण्यामागचा विचार इथे लागू पडत नाही. कारखाना चार दिवस बंद राहिला तर नुकसान किती, हा प्रश्न मात्र लागू पडतो, आणि त्याचे उत्तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

ही कल्पना नवी नाही. १९८९ मध्ये जोसेफ पॉप नावाच्या अमेरिकी संशोधकाने एड्सविषयी माहिती देणाऱ्या म्हणून हजारो फ्लॉपी टपालाने पाठवल्या. त्या वापरणाऱ्यांच्या संगणकावरील फायलींची नावे काही काळाने गडबडून जात आणि पनामातील एका पोस्ट बॉक्सच्या पत्त्यावर १८९ डॉलर पाठवा, असा मजकूर येई. तो प्रयत्न फसला, कारण कुलूप तकलादू होते आणि टपालाने पैसे गोळा करणारा माणूस सापडतोच. पुढे या दोन्ही अडचणी दूर झाल्या. ज्याची किल्ली फक्त हल्लेखोराकडे राहते आणि जे महासंगणकालाही फोडता येत नाही, असे कुलूप कोणालाही वापरता येऊ लागले. त्यानंतर बिटकॉइन हे क्रिप्टोचलन, म्हणजे बँकेशिवाय चालणारे डिजिटल चलन, आले आणि पत्ता न देता, बँकेची पायरी न चढता जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून पैसे घेण्याची सोय झाली. २०१३ मध्ये क्रिप्टोलॉकर नावाच्या प्रोग्रॅमने या दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या आणि तेव्हापासून या गुन्ह्याला धंद्याचे रूप आले.

या धंद्याची रचना सोलापूरच्या माणसाला समजावून सांगणे सोपे आहे. एक टॉवेल तयार होताना सूत एकाचे, सायझिंग दुसऱ्याकडे, विणाई तिसऱ्याच्या मागावर, रंगाई प्रोसेस हाउसमध्ये आणि शिलाई आणखी कोणाकडे, असे जॉबवर्क चालते ना, अगदी तसेच इथेही चालते. एक टोळी कुलूप लावणारा प्रोग्रॅम, वाटाघाटीची वेबसाइट आणि पैसे घेण्याची व्यवस्था तयार करते. दुसरे लोक तो प्रोग्रॅम भाड्याने घेऊन प्रत्यक्ष हल्ला करतात. तिसरे काहीजण फक्त तुमच्या संगणकात शिरण्याचा रस्ता शोधून ठेवतात आणि तो चोरबाजारात विकतात. चौथे लोक मिळालेल्या क्रिप्टोचलनाचे रोख पैशांत रूपांतर करून देतात. लॉकबिट नावाच्या कुप्रसिद्ध टोळीत खंडणीचा २० टक्के हिस्सा प्रोग्रॅमच्या मालकाचा आणि उरलेला हल्ला करणाऱ्याचा, असा ठरलेला वाटा होता. २०२२ मध्ये कॉन्टी नावाच्या रशियन टोळीतील आपसांतला पत्रव्यवहार बाहेर फुटला, तेव्हा तिथे मासिक पगारावरची माणसे, त्यांच्या सुट्ट्या, नोकरभरती करणारा विभाग असा सगळा थाट उघड झाला. बहुतेकांचा पगार दरमहा दीड-दोन हजार डॉलरच्या आसपास होता. एवढ्या पगारावर कोणी तरी दिवसभर बसून आपल्या ताळेबंदातील उलाढाल वाचते आणि त्यावरून खंडणीचा आकडा ठरवते, हे पचायला जड आहे, पण ते खरे आहे.

कामाची अशी वाटणी झाल्यामुळेच छोटा कारखानाही परवडतो. रस्ता शोधणारा माणूस यादीतून तुमचे नाव निवडत नाही. त्याचे यंत्र इंटरनेटवरील पत्ते एकामागून एक ठोठावत जाते आणि जे दार उघडे सापडेल त्याची नोंद करते. ते दार टॉवेलच्या कारखान्याचे आहे की रुग्णालयाचे, हे नंतर पाहिले जाते. ज्या महामंडळाच्या वसाहतीत तुमचा कारखाना आहे, त्या एमआयडीसीच्याच संगणकांवर मार्च २०२१ मध्ये रॅन्समवेअरचा हल्ला झाला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे पाच सर्व्हर असेच बाधित झाले आणि पुढचे बरेच दिवस रुग्णांच्या नोंदी हाताने कराव्या लागल्या. दुसऱ्या टोकाला, स्टॉप किंवा डीजेव्हीयू या नावाने ओळखला जाणारा प्रोग्रॅम पाहा. तो प्रामुख्याने फुकट सॉफ्टवेअरच्या ‘क्रॅक’मधून पसरला. त्याची मागणी ९८० डॉलरची असे आणि तीन दिवसांत पैसे भरल्यास ती निम्मी होई. म्हणजे दुकानदाराला आणि विद्यार्थ्यालाही सोसेल असा भाव मुद्दाम ठेवलेला होता. तेव्हा हे लोक शेजारच्या कारखान्यात चुकून आले, असे मानायला काहीही आधार नाही.

छोट्या उद्योगाला या हल्ल्याचा फटका मोठ्यापेक्षा जास्त बसतो, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रिटनमधील केएनपी ही दीडशे वर्षांहून जुनी मालवाहतूक कंपनी २०२३ मध्ये अशाच हल्ल्यानंतर कायमची बंद पडली आणि सुमारे सातशे लोकांचा रोजगार गेला. एका कर्मचाऱ्याचा पासवर्ड ओळखून हल्लेखोर आत शिरले होते, असे नंतर समोर आले. मोठ्या कंपनीला बाहेरून तज्ज्ञ बोलावता येतात, महिनाभर तोटा सोसता येतो. आपल्याकडे मात्र सुताची उधारी, कामगारांचा आठवड्याचा पगार आणि परदेशी ग्राहकाची तारीख हे तिन्ही एकाच वेळी समोर उभे असते.

आता ‘शब्दाचे पक्के’ या मुद्द्याकडे येतो. धंदा चालू राहावा म्हणून अनेक टोळ्या किल्ली देतात, हे खरे आहे. पण किल्ली मिळाली म्हणजे सुटका झाली, असे नाही. मे २०२१ मध्ये अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन या इंधनवाहिनीच्या कंपनीने ७५ बिटकॉइन दिले, तरी मिळालेले साधन इतके संथ होते की कंपनीला आपल्याच बॅकअपवरून काम उभे करावे लागले. योगायोग असा की, त्यातील ६३.७ बिटकॉइन अमेरिकी तपासयंत्रणेने महिनाभरात परत मिळवले. पण तशी अपेक्षा तुम्ही-आम्ही ठेवू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये हल्ला झालेल्या चेंज हेल्थकेअर या अमेरिकी आरोग्यसेवा क्षेत्रातील कंपनीने २ कोटी २० लाख डॉलर दिल्यानंतर टोळीच्या म्होरक्याने सगळे पैसे स्वतःकडे ठेवून पोबारा केला, प्रत्यक्ष हल्ला करणाऱ्याला त्याचा वाटा मिळाला नाही आणि चोरलेली माहिती दाखवून त्याच कंपनीकडे दुसऱ्या नावाने पुन्हा पैसे मागितले गेले. त्याच महिन्यात ब्रिटनच्या पोलिसांनी लॉकबिटचे सर्व्हर ताब्यात घेतले, तेव्हा पैसे भरलेल्यांची माहितीही तिथे जशीच्या तशी पडून असल्याचे आढळले. ती नष्ट करण्याचे वचन पाळलेच गेले नव्हते. आणि जून २०१७ मधील नॉटपेट्या हा तर खंडणीचे सोंग घेतलेला विध्वंस होता. बिघडलेल्या फायली परत उघडता येतील अशी सोयच त्यात नव्हती. त्यात मर्स्क ही जहाज कंपनी सापडल्यामुळे आपल्या जेएनपीटीतील एका टर्मिनलचे कामकाजही कोलमडले होते. तुमचे कंटेनर न्हावा शेव्यातून जात असतील, तर त्या दिवसांतील ट्रकच्या रांगा तुम्हाला आठवत असतील.

अलीकडे एक बरी गोष्ट घडते आहे. क्रिप्टोचलनाच्या व्यवहारांचा माग काढणाऱ्या चेनॅलिसिस या संस्थेच्या मोजणीनुसार २०२३ मध्ये जगभरातून सुमारे १२५ कोटी डॉलर खंडणी दिली गेली, तर २०२४ मध्ये ती सुमारे ८१ कोटींवर आली. वाटाघाटी हाताळणाऱ्या कोव्हवेअर या कंपनीच्या नोंदींत २०१९ च्या सुरुवातीला शंभरातले ८५ ग्राहक पैसे देत होते. २०२४ च्या अखेरीस ते प्रमाण २५ वर आले. पोलिसांच्या कारवाया हे त्याचे एक कारण आहेच, पण अधिकाधिक लोकांना पैसे न देता आपले काम पुन्हा उभे करता येऊ लागले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. तुम्ही काय करावे, याचे उत्तर यातूनच निघते. दार लावणे आवश्यक आहेच, पण दार फुटले तरी दोन दिवसांत काम सुरू करता येईल अशी तयारी असेल, तर समोरच्याकडे तुम्हाला विकण्यासारखे फारसे काही उरत नाही.

दारांपैकी सर्वांत धोक्याचे दार तुमच्या पत्रातच आहे. अकाउंटंट घरून टॅलीच्या संगणकावर येतात, ते नेमके कसे येतात, हे आजच्या आज पाहा. बऱ्याच कारखान्यांत राउटरमधून ३३८९ क्रमांकाचे पोर्ट (बाहेरून जोडणी घेण्याचे दार) उघडून विंडोजचे रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून संगणक चालवण्याची सोय, सरळ इंटरनेटवर ठेवलेले असते. तसे असल्यास त्या संगणकावर इव्हेंट व्ह्यूअर ही विंडोजची नोंदवही उघडून सिक्युरिटी या नोंदींत ४६२५ हा क्रमांक शोधा. पासवर्ड चुकल्याची प्रत्येक नोंद या क्रमांकाने होते. कार्यालयात कोणी नसताना, पहाटे दोन-तीनच्या सुमारास, काही सेकंदांच्या अंतराने अशा नोंदींची रांगच्या रांग दिसेल आणि त्यांत वापरलेली नावे ‘अ‍ॅडमिन’, ‘युजर’, ‘टेस्ट’, ‘टॅली’, ‘अकाउंट्स’ अशी असतील. ही नावे टाकणारे कोणी तुमच्या ओळखीचे नाही. एखादे यंत्र अंदाजाने किल्ल्या लावून पाहत असते. कंपनीचे नाव आणि पुढे १२३, असा पासवर्ड असेल तर ते यंत्र फार दिवस बाहेर राहणार नाही. ते पोर्ट बंद करून घ्या. घरून काम करणे गरजेचेच असेल, तर व्हीपीएन या इंटरनेटवरील सुरक्षित खासगी वाटेमार्फत आणि मोबाइलवर येणाऱ्या दुसऱ्या संकेतांकासह करा. वर सांगितलेल्या कलोनियल कंपनीतही शिरकाव झाला तो वापरात नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्यातून, ज्याला ही दुसरी पायरी लावलेली नव्हती. सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांची खाती बंद करणे, हे काम आपल्याकडे हमखास राहून जाते.

दुसरे दार सांगताना मला थोडे सांभाळून लिहावे लागेल, कारण त्यात तुमच्या संगणकवाल्या मुलाचा संबंध येतो आणि तो प्रामाणिक असेल याबद्दल मला शंका नाही. एकच माणूस वसाहतीतील वीस-तीस कारखान्यांचे संगणक सांभाळतो, सर्वांकडे एनीडेस्क हे दुरून संगणक हाताळण्याचे सॉफ्टवेअर टाकून ठेवतो आणि लक्षात राहावा म्हणून सगळीकडे एकच पासवर्ड ठेवतो, ही पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. त्याच्या एका मोबाइलमधून ती यादी फुटली, तर एका रात्रीत तीस कारखाने बंद पडतील. जुलै २०२१ मध्ये कासेया या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून नेमके हेच झाले. दुसऱ्यांचे संगणक सांभाळणाऱ्या सेवादारांच्या मार्फत सुमारे दीड हजारांपर्यंत व्यवसाय एकदम बाधित झाले आणि त्यासाठी अमेरिकेतील स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीचा आठवडाअखेर निवडला होता. आपल्या देशात जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा सुमारे तीनशे छोट्या बँकांचे, प्रामुख्याने सहकारी आणि ग्रामीण बँकांचे, यूपीआयसारखे व्यवहार काही काळ थांबवावे लागले होते. तेव्हा त्या मुलाला स्पष्ट सांगा की, आमचा पासवर्ड इतर कोणाचा नसावा, काम असेल तेव्हाच आम्ही जोडणी देऊ आणि काम झाले की ती बंद करू. त्याला वाईट वाटले तरी हरकत नाही. गड्ड्याच्या यात्रेच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत तर कारखाना बंद करताना टॅलीचा संगणकही बंद करून त्याची इंटरनेटची वायर काढून ठेवावी. हल्लेखोरांना सुट्ट्या फार आवडतात.

तुमच्याकडे जॅकार्डचे डिझाइन करण्याचा संगणक वेगळा असेल आणि त्यावर जुने विंडोज असेल, असा माझा अंदाज आहे. डिझाइनचे सॉफ्टवेअर आणि त्याचे डोंगल नव्या विंडोजवर चालत नाही म्हणून तो तसाच ठेवला जातो. विंडोज ७ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे जानेवारी २०२० मध्ये थांबले आणि विंडोज १० चा नियमित पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुरुस्ती न केल्याने काय होते, ते मे २०१७ मधील वॉनाक्राय या रॅन्समवेअरने दाखवले. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिलेली होती, तरी दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक सापडले. डिझाइनचा संगणक बदलणे शक्य नसेल तर तो कार्यालयाच्या नेटवर्कमधून आणि इंटरनेटमधून पूर्ण काढून घ्या आणि त्याच्यासाठी वेगळा पेनड्राइव्ह ठेवा. कोणत्याही संगणकावर क्रॅक केलेले सॉफ्टवेअर असेल तर ते काढून टाका; ते बसवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते, यातच सगळे आले. ईमेलमधून येणारी ‘रिव्हाइज्ड ऑर्डर’ किंवा ‘पेमेंट अ‍ॅडव्हाइस’ नावाची झिप फाइल उघडण्यापूर्वी ग्राहकाला फोन करण्याची सवय लावा.

अँटिव्हायरसविषयी बंधूंचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. तो असावा, अद्ययावत असावा आणि त्याच्या सेटिंगला वेगळा पासवर्ड असावा. परंतु हल्लेखोर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार मिळवून आत आला, तर सर्वांत आधी तो अँटिव्हायरसच बंद करतो. म्हणून अकाउंटंटचे रोजचे काम साध्या युजरच्या खात्यातून चालावे आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड फक्त मालकाकडे, कागदावर लिहून कपाटात असावा.

बॅकअपबद्दल मात्र मी तुमचा अधिक वेळ घेणार आहे. शेजारच्या कारखान्यातही बॅकअप असेल, आणि बहुधा तो त्याच संगणकाला कायम जोडलेल्या डिस्कवर असेल. हल्लेखोर आत शिरल्यावर लगेच कुलूप लावत नाही. तो काही दिवस राहून बॅकअप कुठे आहे ते पाहतो, विंडोजने स्वतः ठेवलेल्या जुन्या प्रती पुसतो, जोडलेल्या सर्व डिस्कांपर्यंत पोहोचतो आणि मगच काम साधतो. टॅलीच्या डेटा फोल्डरमध्ये कंपनीच्या पाच आकडी क्रमांकाचे फोल्डर असते आणि आत .१८०० किंवा जुन्या आवृत्तीत .९०० अशा शेवटाच्या फायली असतात, हे तुम्ही पाहिले असेल. हल्ल्यानंतर त्या प्रत्येक नावापुढे आणखी एक अनोळखी शेपूट लागते आणि शेजारी ती चिठ्ठी असलेली टेक्स्ट फाइल दिसते. डिस्क जोडलेली असेल तर तिच्यावरही हेच दृश्य असते. क्लाउडवर आपोआप सारखी होणारी प्रत हासुद्धा खरा बॅकअप नव्हे, कारण बिघडलेली फाइलही तिथे तितक्याच तत्परतेने जाते. जुन्या आवृत्त्या मिळण्याची मुदत मर्यादित असते.

तुमच्यासारख्या कार्यालयाला पुरेल अशी व्यवस्था पुढीलप्रमाणे करावी. दोन बाह्य डिस्क घ्या. रोज संध्याकाळी टॅलीमधूनच बॅकअप घेऊन तो एका डिस्कवर ठेवा आणि काम झाले की डिस्क काढून कपाटात ठेवा. आठवड्यातून एकदा ती घरी न्या आणि घरची डिस्क कार्यालयात आणा, म्हणजे एक प्रत नेहमी कारखान्याबाहेर राहील. आग लागली तरी ती वाचेल. तिसरी प्रत जुन्या आवृत्त्या राखणाऱ्या क्लाउड सेवेत ठेवा आणि त्या खात्याचा पासवर्ड कार्यालयातील कोणत्याही संगणकावर साठवू नका. यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे, महिन्यातून एकदा तो बॅकअप वेगळ्या लॅपटॉपवर उघडून पाहा, कालचे शेवटचे बिल त्यात आहे का आणि ट्रायल बॅलन्स जुळतो का, हे अकाउंटंटकडून स्वतःसमोर तपासून घ्या. न उघडलेला बॅकअप असून नसल्यासारखा आहे. त्या दिवशी घड्याळही लावा. रिकाम्या लॅपटॉपवरून पहिले बिल निघेपर्यंत किती तास गेले, तेवढाच काळ तुमचा कारखाना खंडणीखोराच्या हाती राहू शकतो.

काय जपायचे, याचाही क्रम लावावा. विक्रीचे आकडे जीएसटीच्या पोर्टलवरून, ई-वे बिले त्यांच्या पोर्टलवरून आणि जमाखर्च बँकेच्या उताऱ्यावरून बराचसा परत उभा करता येतो. परंतु पार्टीनिहाय उधारी, जॉबवर्कला गेलेल्या मालाची नोंद, कामगारांचे विणाईचे दर आणि डिझाइनच्या फायली यांची दुसरी प्रत सरकारकडे नसते. शिवाय जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणून डिझाइनचा संगणक बॅकअपच्या यादीतून सुटू देऊ नका. तिथे तुमची कैक वर्षांची मेहनत असते.

बॅकअपने एक गोष्ट मात्र साधत नाही. हल्ली कुलूप लावण्याआधी माहिती चोरून नेली जाते आणि पैसे न दिल्यास ती उघड करण्याची धमकी दिली जाते. कामगारांच्या आधार आणि पासबुकाच्या प्रती, परदेशी ग्राहकांना दिलेले वेगवेगळे भाव, असे जे काही संगणकावर पडून आहे, त्यातील गरज संपलेले काढून टाकणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लक्षात घेता तो शहाणपणाचाही आहे.

प्रत्यक्ष हल्ला झालाच तर पहिल्या तासात इंटरनेटची वायर आणि वायफाय तोडा, इतर संगणकही वेगळे करा, पण बाधित संगणक फॉरमॅट करू नका आणि शक्य असल्यास बंदही करू नका, कारण पुरावे, आणि कधी कधी किल्लीचे धागेदोरेही, त्याच्या स्मृतीत असतात. चिठ्ठीचा फोटो मोबाइलवर घ्या आणि तिला उत्तर देऊ नका. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला. १९३० या क्रमांकावर आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, तसेच शहरातील सायबर पोलिसांकडे लेखी द्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवणे व्यावसायिक संस्थांवर बंधनकारक आहे, आणि भागीदारीतील फर्मही त्यातून सुटत नाही. त्यानंतर युरोपोल ही युरोपीय पोलिस संस्था आणि इतरांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर एक बिघडलेली फाइल आणि चिठ्ठी देऊन पाहा. काही जुन्या प्रकारांच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात. शेजाऱ्यांनाही हे जरूर सांगा. आज किल्ली नसली तरी टोळी पकडली गेल्यावर ती पुढे मिळते, म्हणून बिघडलेली डिस्क बाजूला काढून नवी डिस्क घालणे फॉरमॅट करण्यापेक्षा बरे.

पैसे द्यावेत का? माझे उत्तर ‘देऊ नयेत’ असे आहे, आणि त्याला नैतिक कारणांपेक्षा व्यवहाराची कारणे अधिक आहेत. पैसे दिले तरी आत शिरलेले दार तसेच राहते, प्रत्येक संगणक नव्याने बसवावाच लागतो आणि देणारा माणूस म्हणून तुमचे नाव त्या बाजारात नोंदले जाते. शिवाय अनोळखी परदेशी टोळीला क्रिप्टोत रक्कम पाठवताना परकीय चलन आणि मनी लाँडरिंगविषयक कायद्यांचे प्रश्न उभे राहतात, जे तुमच्या सीएला हिशेबात दाखवताना निस्तरता येणार नाहीत. तरीही एकही प्रत शिल्लक नाही आणि कारखानाच बुडतो आहे, अशा स्थितीत एखाद्याने दिले तर मी त्याला दोष देणार नाही. मात्र आधी पोलिस, वकील आणि सीए या तिघांना विचारावे, आणि संगणकवाल्या मुलाच्या भरवशावर वाटाघाटी मुळीच करू नयेत. किल्ली मिळवून देतो म्हणून मोठी फी घेणारे आणि आतून टोळीलाच पैसे देणारे मध्यस्थही या क्षेत्रात वावरतात.

विम्याबद्दल शेवटी. वरची कामे झाल्यानंतर सायबर विमा घ्यायला हरकत नाही, पण त्यांच्याऐवजी घेऊ नका. पॉलिसीत खंडणीची रक्कम आहे की नाही यापेक्षा काम बंद पडल्याची भरपाई, संगणक पुन्हा उभे करण्याचा खर्च आणि तज्ज्ञांची फी यांचा समावेश आहे का, भरपाई किती तासांनंतर सुरू होते आणि स्वतःचा हिस्सा किती, हे वाचा. प्रस्तावाच्या अर्जात दुहेरी पडताळणी आहे का, बॅकअप वेगळा ठेवता का, जुने विंडोज वापरता का, असे प्रश्न असतात. तो अर्ज एजंटला भरू देऊ नका. स्वतः भरा आणि जे नाही तिथे ‘नाही’ असेच लिहा, कारण दाव्याच्या वेळी पहिल्यांदा तोच कागद काढला जातो. आणि पॉलिसीची प्रत टॅलीच्या संगणकावर ठेवू नका. आत शिरलेला माणूस ती शोधतो आणि विम्याच्या मर्यादेएवढीच खंडणी मागतो.